तिसरी पायरी अनधिकृत आहे

मी काही पाच मजली इमारत बांधायला निघालो नव्हतो. हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण आमच्या गल्लीत आता तसंच बोललं जातं. मला फक्त पुढच्या दाराला एक उतार करायचा होता. चाकाची खुर्ची दारातून अंगणात उतरेल, एवढाच. दारापुढे पायऱ्या तीन, प्रत्येक सहा इंच उंचीची. एवढ्याशा गोष्टीसाठी एखादा सभ्य माणूस बांधकाम खात्याच्या कचेरीत नऊ खेपा घालतो, गल्लीतून वाळीत पडतो आणि दात ठणठणीत असताना दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसतो, तेव्हा चूक त्याची की खात्याची, हे वाचकांनी ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

खुर्ची माझ्या आत्याची. घरही तिचंच. आम्ही तिच्याकडे राहतो, ती आमच्याकडे राहत नाही, हा फरक ती आल्यागेल्याला आवर्जून सांगते. गल्लीच्या टोकाला एका खोलीत ती गेली तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवते. तिथेच स्टुलावर चढून पडदा काढताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने खुर्ची, आणि या दोन महिन्यांत एकही पायरी चढायची-उतरायची नाही.

इस्पितळातून आणल्यावर तिला खुर्चीसकट आत न्यायला गल्लीतले चौघे पुढे आले. चांगल्या मनानेच आले. पण मधल्या पायरीवर एकाचा फोन वाजला आणि त्याने तो घेतला. "हां, बोल, मोकळाच आहे," असं म्हणाला. आत्या त्या वेळी साधारण पंचेचाळीस अंशांत होती. आत आल्यावर तिने पाणी प्यायलं, पदर नीट केला आणि मला म्हणाली, "पुन्हा मला कपाटासारखं उचललंत तर याद राखा. मी बाहेर पडेन ती माझ्या हातांनी चाकं फिरवत. आणि वीस तारखेला मी बाहेर पडणार आहे."

वीस तारखेला तिच्या वर्गाची परीक्षा होती. चौदा मुली. बाहेरून परीक्षक येणार, आणि नियम असा की वर्गाची शिक्षिका जातीने हजर नसेल तर परीक्षा होत नाही, मुलींनी पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. त्यातल्या दोघींचं लग्न ठरलं होतं आणि एकीला एका शिवणकामाच्या कारखान्यात जागा मिळायची होती. पुढचं वर्ष त्यांना परवडणारं नव्हतं. वीस तारखेला सव्वीस दिवस होते. मी म्हणालो, "आत्या, काळजी करू नकोस. आठवड्यात उतार होईल."

हे मी कुठल्या जोरावर म्हणालो, तेही सांगतो. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. चोवीस वर्षं मी पोरांना सांगत आलोय, की जगात न सापडणारी माहिती नसते, नीट न शोधणारी माणसं असतात. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावलंही होतं. हल्ली ते काढून ठेवलंय.

बायकोचं म्हणणं साधं होतं. "अहो, त्या जुन्या कपाटाचं दार पडलंय ना माळ्यावर? टाका पायऱ्यांवर. झाला उतार."

मी दार टाकलं. पण आत्याला बसवण्याआधी चाचणी घ्यावी, इतपत अक्कल मला आहे. मी स्वतः खुर्चीत बसलो. बायकोने मागून धरलं होतं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तिचा हात सुटला. सुटला की सोडला, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी फळीवरून सुटलो, अंगणातून सुटलो, फाटकातून सुटलो आणि रस्ता ओलांडून समोरच्या दातांच्या दवाखान्यात शिरलो. त्या दवाखान्याला उंबरठा नाही, हे माझ्या त्या दिवशीच लक्षात आलं. तिथल्या बाई रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाल्या, "नाव सांगा आणि बसा." मी बसलेलोच होतो. त्यांनी मला सातवा नंबर दिला. चौथा नंबर आत जाईपर्यंत मी तिथेच दम खात बसलो.

तर उताराला प्रमाण लागतं, एवढं सिद्ध झालं. उंचीच्या किती पट लांबी? हा एकच प्रश्न होता. असा प्रश्न आपल्याकडे कुणाच्या कानावर पडला की लोक जेवण टाकून उत्तर द्यायला येतात.

शेजारचे ओव्हरसिअर काका सर्वांत आधी आले. ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण गल्लीत कुठेही घमेलं वाजलं की ते चप्पल न घालता धावतात. "एकास पाच," ते म्हणाले. "धरणावर ट्रक चढवलेत मी एकास पाचवर."

"काका, आत्या ट्रक नाही."

"तेच तर म्हणतोय. ट्रक जड असतो."

माझा मेहुणा दोनदा विमानात बसलाय, त्यामुळे तो एकास वीसच्या खाली यायला तयार नव्हता. म्हणजे अठरा इंचांसाठी तीस फूट. आमच्या घराची पुढची भिंतच वीस फुटांची आहे, उरलेला उतार काकांच्या बैठकीत गेला असता. गवंड्याला बोलावलं, तर त्याला प्रमाण हा शब्दच अपमानाचा वाटला. "साहेब, मी एक डोळा मिटतो. एक डोळा मिटला की उतार कळतो." त्याने मिटून दाखवला. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनीही खिडकीतून काहीतरी सुचवलं, पण त्यांच्या तोंडावर मास्क होता.

सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मनाशी म्हटलं, आपण शिकलेली माणसं. घर कसं बांधावं याचे नियम सरकारने केलेले आहेत. कुणीतरी हुशार माणसांनी बसून, मोजून, विचार करून केलेले असणार. ते काढावेत आणि तसं करावं. एवढा साधा, कायदा पाळणारा विचार माझ्या डोक्यात आला, हाच माझा गुन्हा.

खात्याच्या संकेतस्थळावर नियमांचे नऊ भाग सापडले. सगळे आडवे स्कॅन केलेले. मी तीन संध्याकाळी मान वाकडी करून वाचले, शेवटी मान तशीच राहायला लागली म्हणून सगळे छापून घेतले आणि कॉलेजातल्या बाइंडरकडून त्यांचे नऊ खंड बांधून आणले. प्रत्येक खंड दोन इंच जाड. काय नव्हतं त्यात? नाट्यगृहाच्या पडद्यामागचा जिना होता. गुरांच्या गोठ्याची मोरी होती. कोंबड्यांच्या खुराड्यावर तर सबंध अध्याय होता, आणि कोंबडीला वर चढायला जी फळी ठेवायची तिचा उतार किती, तिच्यावर आडव्या पट्ट्या किती अंतराने मारायच्या, कोंबडी म्हातारी असेल तर काय करायचं, हे सगळं तपशीलवार दिलं होतं. माणसांच्या घरासाठी 'प्रवेशमार्गाचा उतार' या शीर्षकाखाली एकच ओळ होती: परिशिष्ट ड पाहा. आणि परिशिष्ट ड या पानावर लिहिलं होतं, सुधारणेअंती प्रसिद्ध करण्यात येईल.

मी हे आत्याला संतापून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोंबडीचं पुन्हा वाच. पट्ट्या किती अंतरावर म्हणालास?"

मला वाटलं थट्टा करतेय. मी खंड तिच्या पलंगाशी आपटून ठेवले आणि बाहेर गेलो.

सामान्य माणसासाठी खात्याने एक पुस्तिकाही काढली आहे. 'घर बांधताना: सोप्या भाषेत शंकानिरसन.' मुखपृष्ठावर आई, बाबा आणि दोन मुलं एका घराकडे बोट दाखवून हसतायत. आत चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरं. प्रश्न सतरा: माझ्या घरातील जिना किती रुंद असावा? उत्तर: नियमानुसार असावा. प्रश्न अठरा: नियमानुसार म्हणजे किती? उत्तर: याबाबत संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. प्रश्न एकोणीस: संबंधित कार्यालय कोणते? उत्तर: आपल्या भागातील. मी चाळीसच्या चाळीस वाचले. ती चौघं का हसतायत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा गेलो कचेरीत. दारात अकरा पायऱ्या आहेत, पुढे त्यांचं काम आहे म्हणून आत्ताच सांगतो. चौकशीसाठी खिडकी क्रमांक तीन. खिडकीमागचे गृहस्थ कागदाला टाचणी लावत होते.

"घराच्या दाराला उतार करायचाय. त्याचं प्रमाण हवं होतं."

"नकाशा मंजूर करायचाय?"

"नाही, फक्त माहिती हवी होती."

"माहिती?" त्यांनी टाचणी खाली ठेवली. "माहिती नियमांत असते."

"मान्य. नियम कुठे आहेत?"

"पुस्तकात."

"पुस्तक?"

त्यांनी हनुवटीने कोपरा दाखवला. तिथे एका टेबलाला साखळीने बांधलेलं एक जाड पुस्तक होतं. परिशिष्टांसकट पूर्ण नियम! मी अक्षरशः हात जोडले आणि अनुक्रमणिका उघडली. परिशिष्ट ड, रहिवासी घरे, पाने दोनशे तेरा ते दोनशे वीस. दोनशे बारा होतं. त्यानंतर दोनशे एकवीस होतं. मधली पानं मुळापासून फाडलेली होती.

पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला फाटकी कड पाहून कळतं की पान वाऱ्याने गेलं, पोराने नेलं की कुणी पट्टी धरून शांतपणे काढलं. ही पानं पट्टी धरून काढलेली होती. कोंबड्यांचा अध्याय मात्र कोरा करकरीत होता, चिकटलेली पानंही सुटली नव्हती.

"यात पानं नाहीत," मी खिडकीत जाऊन ओरडलो.

"मग लेखी अर्ज करा," टाचणीवाले म्हणाले.

संध्याकाळी ओव्हरसिअर काकांना हे सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "लेखी? अहो, खुळे का काय तुम्ही? जगात कुणी विचारून उतार केलाय? करायचा आणि गप्प बसायचं. विचारलं की ते येतात!"

"येऊ देत की. आपण काही चोरी करत नाही."

"चोरी करणाऱ्याकडे ते येत नाहीत हो. तो कुठे अर्ज करतो?"

काकांची भीती मी हसण्यावारी नेली. मी अर्ज केला. अर्ज करावा तसा केला: चार पानं, मुद्द्यांना क्रमांक, शेवटी सूची, आणि सोबत घराच्या दर्शनी बाजूचा मापासकट काढलेला नकाशा. पायऱ्यांनाही मी एक, दोन, तीन असे आकडे घातले. अर्ज आत्याच्या नावाने, कारण घर तिचं. तिने सही करताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. असा सुबक अर्ज त्या कचेरीत कधी आलाच नसावा. टाचणीवाल्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "सूची कशाला?"

सहा दिवसांनी खात्याचे मोजणीवाले आले. अतिशय नम्र माणूस. चप्पल बाहेर काढली, पाणी मागून घेतलं, आत्याची तब्येत विचारली आणि टेप काढून आमची स्वयंपाकघराची खिडकी मोजली. मग मोरी मोजली. पाण्याच्या टाकीवरचं छप्पर मोजलं. मी त्यांना तीनदा पुढच्या दाराशी नेलं, तीनदा ते मागच्या दाराशी गेले. शेवटी पायऱ्यांपाशी आले, पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला, आणि माझा नकाशा त्याच्याशेजारी धरला.

"मूळ मंजूर नकाशात पायऱ्या दोन आहेत," ते म्हणाले.

"असतील. पण पायऱ्या तीन आहेत."

"तेच म्हणतोय. तुम्हीच आकडे घातलेत." ते फार हळुवारपणे बोलत होते. "तिसरी पायरी अनधिकृत आहे."

घर बांधून एकेचाळीस वर्षं झाली. या पायरीवर बसून मी पाढे पाठ केले, आत्याने याच पायरीवर मला पहिल्यांदा सुई ओवायला शिकवली. ती पायरी अनधिकृत! मी विचारलं, "काढली तर दार हवेत राहील त्याचं काय?" ते म्हणाले, "त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल."

जाता जाता त्यांनी सहज मान वर करून शेजारी पाहिलं. काकांनी पाच वर्षांपूर्वी आपल्या गॅलरीला लाकडी फळ्या मारून तिची खोली केली होती. आत ते दुपारचे झोपतात. मोजणीवाल्यांनी पुन्हा वही काढली.

आठवड्याच्या शेवटी गल्लीत नोटिसा आल्या. आम्हाला पायरीची, काकांना गॅलरीची, आणखी सहा घरांना काही ना काही. दातांच्या डॉक्टरांना उंबरठा नसल्याची. तेव्हापासून मी रस्त्याने निघालो की पडदे ओढले जात. इस्त्रीवाल्याने माझे सगळे शर्ट नको तिथे चुरगळून दिले. मेहुण्याचा फोन आला, "अहो, तुम्ही आमच्या भागात येणार असाल तर आधी कळवा हं." काकांनी तर माझ्या देखत गॅलरी उकलायला सुतार लावला, आणि प्रत्येक खिळा निघाला की माझ्या खिडकीकडे पाहून एक सुस्कारा टाकत. साधारण दोनशे खिळे होते.

मी काय केलं होतं? विचारलं होतं! एका म्हाताऱ्या बाईला घराबाहेर पडता यावं म्हणून एक आकडा विचारला होता. खात्याने दिलं काय, तर होती ती पायरीही काढून घेतली. मला इतका राग येत होता की मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. त्यातल्या एकाने ते छापलं, पण 'बागकाम' या सदरात.

दहा दिवस उरले तेव्हा शेवटचा घाव बसला. पायरीच्या सुनावणीचं पत्र. 'मिळकतधारकाने सतरा तारखेस सकाळी अकरा वाजता कार्यालयात समक्ष हजर राहावे. प्रतिनिधी चालणार नाही.'

मिळकतधारक म्हणजे आत्या. म्हणजे जिला तीन पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून आम्ही उतार मागितला, तिने तीन पायऱ्या उतरून आणि अकरा पायऱ्या चढून उताराबद्दल बोलायला यायचं! मी पत्र घेऊन घरभर फिरलो. बायको म्हणाली, "अहो, बसा, बीपी वाढेल." मी म्हणालो वाढू दे. आणि मग, हे लिहायला लाज वाटते, पण मी आत्याच्या पलंगाशी बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याच्याने नाही झालं गं," मी म्हणालो. "चोवीस वर्षं लोकांना माहिती काढून देतोय. तुझ्यासाठी एक आकडा नाही मिळाला."

आत्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं. "कागद घे," म्हणाली. "लिही. आपल्या आदेशानुसार मी सतरा तारखेस हजर राहण्यास तयार आहे. डॉक्टरांनी मला पायऱ्या मना केल्या आहेत, दाखला सोबत आहे. तरी मी माझ्या तीन पायऱ्या, ज्यांतली एक आपल्या मते नाहीच, आणि आपल्या अकरा पायऱ्या कशा पार कराव्यात, याबद्दल नियमानुसार मार्गदर्शन करावे. मार्गदर्शन लेखी मिळेपर्यंत मी दारात खुर्चीवर बसून आहे."

"एवढंच?"

"सूची नको घालूस."

हे पत्र खिडकी तीनवर गेलं, तिथून वर गेलं, आणि वरती कुणालाच त्याचं उत्तर देता येईना. पंधरा तारखेला निरोप आला: साहेब सतरा तारखेला घरीच येतील.

साहेब आले. उंच, थकलेले गृहस्थ, बगलेत चामड्याची बॅग. सोबत मोजणीवाले. आत्या त्यांना म्हणाली, "बसा. आधी मी काय ते दाखवते, मग तुम्ही बोला."

आणि तिने बायकोला खूण केली. बायकोने पलंगाखालून कापड बेतायच्या टेबलाची फळी ओढून काढली. मग माझे नियमांचे दोन खंड आणले, आणि फळीच्या एका टोकाखाली सरकवले! माझे, बाइंडरकडून बांधून घेतलेले खंड! मी उठलोच, पण आत्याने हाताने बसवलं. तिने चाकं धरली आणि त्या फळीवर सरळ चढली. थांबली. उतरली.

"पन्नास इंचांची फळी," ती म्हणाली. "खाली दोन खंड, म्हणजे चार इंच. आरामात चढते. तीन खंड घातले की हात भरून येतात. चार घातले की हिला मला मागून धरावं लागतं. आडव्या पट्ट्या मारून पाहिल्या, कोंबड्यांना ठीक आहेत, मला धक्के बसतात. म्हणजे इंचाला साडेबारा इंच. मला हे पुरतं."

"कधी केलंस हे?" मी विचारलं.

"रोज दुपारी. तू कॉलेजात नाहीतर खिडकी तीनवर असायचास तेव्हा."

बायको पदराआड हसत होती. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, ग्रंथपाल सोडून.

साहेबांनी वाकून फळीखालचे खंड पाहिले. "उतार पक्का करणार, की असाच लाकडी, उचलून ठेवता येणारा?"

"लाकडी."

"मग परवानगी कशाला हवीय? जमिनीला पक्कं जोडलं तर ते बांधकाम. जोडलं नाही तर ते घरातलं सामान. सामानाला परवानगी लागत नाही."

मी तीन आठवड्यांत पहिल्यांदाच खरा ओरडलो. "हे लिहिलंय कुठे?"

"पान दोनशे चौदा."

"दोनशे चौदा फाटलंय!"

"हो, माहितीये," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बॅग उघडली. एका प्लास्टिकच्या पिशवीत, नीट इस्त्री केल्यासारखी, दोनशे तेरा ते दोनशे वीस पानं होती. "ही मला सारखी लागतात, म्हणून काढून ठेवलीयेत. उगाच बाहेर राहिली तर कुणीतरी पळवेल."

माझ्या कॉलेजात हे कुणी केलं असतं, तर मी त्याला दरवाज्याबाहेर काढून त्याचं कार्ड फाडलं असतं. मला काय काय बोलायचं होतं! पण आत्या माझ्याकडे बघत होती आणि वीस तारखेला तीन दिवस होते. मी नुसती पानं मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. दोनशे पंधरावर आकडा होता. एकास बारा.

"माझं साडेबारा आलंय," आत्या म्हणाली.

"साडेबारा जास्त सोपा. चालेल," साहेब म्हणाले, आणि अनधिकृत पायरी उताराखाली झाकली जाणार असल्याने ती दिसत नाही, सबब प्रकरण मिटवण्यात यावे, असा शेरा मारून चहा न घेता गेले.

आता लाकूड कुठून आणायचं, हा विचार करत मी अंगणात उभा होतो, तर कुंपणावरून एक फळी येऊन पडली. मग दुसरी. काका पलीकडून एकेक टाकत होते, तोंड दुसरीकडे करून. "घ्या. तुमच्यामुळे निघाल्यात, तुम्हीच सांभाळा. आणि सुतार उद्या सकाळी येईल, मी सांगितलंय त्याला. एकास पाच नको म्हणे बाईंना. नको तर नको." मी आभार मानायला तोंड उघडलं, तर ते आत निघून गेले.

उतार भिंतीलगत आडवा झाला, पावणेएकोणीस फूट, एकही खिळा जमिनीत नाही. वीस तारखेला सकाळी साडेआठला आत्या नवं लुगडं नेसून, गळ्यात टेप घालून दारात आली. मी बाजूने हात पसरून चालायला लागलो. "हात खाली कर," ती म्हणाली. मी केले. ती एकटी उतरली, सावकाश, चाकांवर दोन्ही तळवे दाबत. समोरच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टर मास्क खाली ओढून उभे होते, आणि काका फळ्या निघालेल्या गॅलरीतून बघत होते. खाली टेकल्यावर तिने गळ्यातली टेप सरळ केली. मला वाटलं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "साडेनऊला परीक्षक येतील, चल लवकर," आणि फाटकातून बाहेर पडली. मी तोंड फिरवून फाटकाची कडी लावली, कारण इस्त्रीवाला पाहत होता. चौदाच्या चौदा मुली पास झाल्या.

दोन महिने भरले, आत्या काठी घेऊन चालायला लागली. मी उतार उचलून ठेवायच्या विचारात होतो, तेवढ्यात एका रविवारी दारात एक अनोळखी गृहस्थ उभे. हातात कोरा कागद आणि पेन.

"खिडकी तीनवरून पाठवलंय," ते म्हणाले. "उताराची माहिती इथे मिळते म्हणाले."

मी भडकलो. म्हणजे खात्याने पानं बॅगेत ठेवायची आणि माणसं माझ्या दारात पाठवायची? पगार त्यांना आणि चौकशी माझ्याकडे? मी त्यांना चांगली पाच मिनिटं सुनावलं, खात्यावर, साखळीवर, टाचणीवर. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "वडील आहेत माझे. सात महिने झाले, घराबाहेर पडले नाहीत."

मी त्यांच्या हातातला कागद सरळ केला. "एकास बारा," मी म्हणालो. "लिहून घ्या. उंचीच्या बारा पट..."

"आकडा राहू दे," आत्या आतून काठी टेकत आली. "त्यांचे हात कसे आहेत? जोर किती आहे?"

गृहस्थ गोंधळले. "हात? ते... ते मी कधी विचारलं नाही."

आत्याने टेप गळ्यात घातली आणि चपला शोधायला लागली. पुढे ते गृहस्थ, मधे आत्या, आणि मागे डोक्यावर पन्नास इंचांची फळी आणि काखेत दोन खंड घेतलेला मी, अशी आमची वरात चार गल्ल्या ओलांडून गेली. रस्त्यात माझे दोन विद्यार्थी भेटले. त्यांनी नमस्कार केला, मला करता आला नाही.

त्या घराला पायऱ्या पाच होत्या. आत्या एकेक करत चढली. आत खिडकीशी एक वाळकेसे म्हातारे खुर्चीत बसले होते, केस विंचरलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फळीकडे पाहिलं, आत्याच्या काठीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात चाकांवर ठेवून विचारलं, "आजच जायचंय का?"